रिकाम्या जागेची जबाबदारी कोणाची? सी भाषेतील प्रिपेअर्ड स्टेटमेंटची समीक्षा

आजचा विषय या मालेत थोडा आडवाटेचा वाटेल. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममधून डेटाबेसला प्रिपेअर्ड स्टेटमेंट पाठवतात, त्यातल्या रिकाम्या जागांत टाइप सांगून किमती भरतात आणि मग ते चालवतात. या व्यवस्थेत चांगलं काय आणि उणं काय, हे आज तपासायचं आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. प्रोग्रामिंग शिकलो ते निवृत्तीनंतर आणि गरजेपोटी. ती गरज आधी सांगतो, कारण ही समीक्षा तिथूनच निघाली.

भाईंदरला आम्ही राहतो त्या सोसायटीची मेंटेनन्सची बिलं पूर्वी हाताने लिहिली जायची. आम्ही उत्साहाने पुढे झालो आणि सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. खाली डेटाबेस एसक्यूलाइटचा. काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका महिन्यात एका घराची थकबाकी होती, आणि यादीत त्याच्या खाली असलेल्या चारही घरांच्या बिलांवर तीच थकबाकी छापून आली. तीन घरांनी त्याच संध्याकाळी आमचं दार ठोठावलं. आम्ही हसत हसत म्हटलं, टायपिंगची चूक झाली असेल, आणि तिन्ही बिलं हाताने दुरुस्त करून दिली. चौथ्या घरात एक बाई एकट्या राहतात, साधारण आमच्याच वयाच्या. त्या आल्या नाहीत. त्यांनी पैसे भरून टाकले. तीन महिन्यांनी जिन्यात सहज बोलताना त्या म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटरनं काढलंय म्हणजे माझंच काहीतरी राहिलं असेल, असं वाटलं."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. चूक कुठे होती ते शेवटी सांगतो. ती कळायला आधी थोडी पायाभरणी हवी.

डेटाबेसशी आपण वाक्यांतून बोलतो. ती भाषा एसक्यूएल. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, आणि १९७४ साली आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल नावाची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. आता प्रोग्रामला हे वाक्य बनवायचं असेल तर सोपी वाट कोणती? वाक्याचा पहिला तुकडा घ्या, त्याला माणसाने टाइप केलेलं नाव चिकटवा, पुढे उरलेला तुकडा चिकटवा. शिवणाच्या तीन तुकड्यांसारखं. नवशिका प्रोग्रामर हेच करतो. आम्हीही केलं.

यात बिघडतं काय ते आपल्या गावाच्याच उदाहरणाने बघू. उत्तन, डोंगरी या भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन लोक राहतात. पोर्तुगीज राजवटीत पडलेली आडनावं आजही चालू आहेत. डिसोझा हे आडनाव देवनागरीत सरळ लिहिता येतं, पण रोमन लिपीत पहिल्या अक्षरानंतर वर एक अपॉस्ट्रॉफी येते. एसक्यूएलमध्ये मजकुराचा शेवट नेमका त्याच चिन्हाने होतो. त्यामुळे चिकटवलेल्या वाक्यात डेटाबेसला नाव एका अक्षरातच संपल्यासारखं दिसतं, आणि पुढचं 'सोझा' हे वाक्याचाच भाग समजून तो वाचायला जातो. अर्थ लागत नाही, वाक्य फेकलं जातं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना एका कार्यालयात सांगितलं गेलं की नावातलं ते चिन्ह काढून अर्ज भरा. म्हणजे दोष यंत्राचा आणि नाव बदलायचं माणसाने!

दुसरं उदाहरण जमिनीचं. सर्व्हे नंबर ७, हिस्सा नंबर १२, हे आपण ७/१२ असं लिहितो. हा मजकूर अवतरणचिन्हांशिवाय वाक्यात चिकटला तर डेटाबेस त्याला भागाकार समजतो. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस दोन्ही पूर्णांकाला पूर्णांकाने भागताना अपूर्णांक टाकून देतात, म्हणून उत्तर येतं शून्य. शेतकरी वर्षानुवर्षं सातबारा कोरा करा म्हणून मागणी करतात. इथे तो एका अवतरणचिन्हाअभावी कोरा होतो, आणि कुठेही चुकीचा संदेश येत नाही.

ही झाली अनवधानाने होणारी गोष्ट. कोणी मुद्दाम केली तर? नावाच्या रकान्यात माणूस नावाऐवजी असा मजकूर लिहितो की नाव लवकर संपावं आणि पुढे त्याचा स्वतःचा हुकूम सुरू व्हावा. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. डिसेंबर १९९८ मध्ये फ्रॅक या नियतकालिकात या युक्तीचं जाहीर वर्णन आलं. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०१५ मध्ये, ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच जुन्या वाटेने गेली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या नियामकाने ४ लाख पौंडांचा दंड केला.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला परदेशात जायची गरज नाही. 'ध चा मा' आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना गेलेल्या हुकुमात 'धरावे' होतं, त्याचं कोणीतरी 'मारावे' केलं, अशी आख्यायिका आहे, आणि लोक त्यात आनंदीबाईंचं नाव घेतात. आख्यायिका खरी की खोटी हा इतिहासकारांचा प्रश्न. आम्हाला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. हुकूम आणि ज्याच्यावर हुकूम चालायचा तो माणूस, दोन्ही एकाच कागदावर, एकाच शाईत होते. फरक एवढाच की त्या कथेत क्रियापद थेट खोडलं गेलं, आणि इंजेक्शनमध्ये नावाच्या जागेतून नवं क्रियापद आत शिरतं. मूळ दुखणं तेच: सांगणारा शब्द कोणता आणि ज्याच्याबद्दल सांगितलं तो शब्द कोणता, हे कागदावर वेगळं दिसत नाही.

आमच्या विषयात हा भेद फार जुना आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात नियम घालून दिला की व्याकरणात शब्द आला की तो स्वतःच्या रूपासाठी आला असं समजावं, पारिभाषिक संज्ञा सोडून. व्यवहारात 'अग्नी' म्हटलं की विस्तव आणायचा. व्याकरणात 'अग्नी' म्हटलं की तो शब्द घ्यायचा. शब्द वापरणं आणि शब्दाचा उल्लेख करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. तिकडे जर्मनीत येना इथे गॉटलोब फ्रेगे यांनी १८९१ साली व्याख्यान देऊन सांगितलं की फलन हे अपुरं असतं, त्यात रिकामी जागा असते, आणि ती भरणारी वस्तू फलनापेक्षा वेगळ्या जातीची असते. ही रिकामी जागा म्हणजेच आजची आपली गोष्ट.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट काय करतं? भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे गाळे आहेत, ते ज्यांनी पाहिलेत त्यांना एका वाक्यात कळेल. प्रेसमध्ये आधी डाय बसवतात, मग पत्रा सरकवतात. डाय वाटीचा असेल तर पत्र्याच्या मनात काहीही असो, निघणार वाटीच. तसं इथे आधी वाक्य पाठवायचं आणि किमतींच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं. डेटाबेस ते वाक्य वाचतो आणि त्याचा अर्थ पक्का करतो. क्रियापद कोणतं, तक्ता कोणता, रकाना कोणता, हे तिथे संपलं. ही क्रिया प्रिपेअर. मग त्या प्रश्नचिन्हाला किंमत जोडायची, ती क्रिया बाइंड. मग चालवायचं. नाव आता वाक्याचा भाग म्हणून वाचलंच जात नाही. डिसोझांनी अपॉस्ट्रॉफी ठेवावी, खुशाल ठेवावी.

याचा एक अर्थ नवशिक्यांना खटकतो. प्रश्नचिन्ह तक्त्याच्या नावाच्या जागी चालत नाही. क्रम लावताना रकान्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून त्यात रकान्याचं नाव भरलं, तर डेटाबेस ते एक साधं स्थिर मूल्य समजतो आणि क्रम लागत नाही. लोक याला मर्यादा म्हणतात. आमच्या मते हीच त्या रचनेची सचोटी आहे. डाय पत्र्याने बदलायचा नसतो.

इथवर आम्ही या व्यवस्थेचे वकील आहोत. आता टाइपकडे वळू, आणि इथे आमची तक्रार सुरू होते.

वाक्य आणि किंमत वेगळी केली. पण किंमत कोणत्या जातीची? आकडा, मजकूर, की काहीच नाही? बर्ट्रांड रसेल यांनी १९०८ साली टाइपचा सिद्धांत मांडला तो तर्कशास्त्रातले विरोधाभास टाळण्यासाठी: कोणत्या रिकाम्या जागेत कोणत्या जातीची वस्तू बसू शकते हे आधी ठरवा. सी भाषेला जाती माहीत आहेत, पण हट्ट नाही. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली, आणि प्रोग्रामरवर विश्वास ठेवा हे तिच्या प्रमाणीकरणाच्या वेळीही तत्त्व म्हणून नोंदवलं गेलं. तेव्हा तीन प्रसिद्ध डेटाबेसनी या विश्वासू भाषेत बाइंडची सोय कशी केली, ते एकेक करून पाहू.

पहिला पोस्टग्रेस. त्याच्या सी लायब्ररीत टाइपसह पॅरामीटर पाठवायची सोय २००३ च्या ७.४ आवृत्तीत आली. चार समांतर याद्या द्यायच्या: टाइपची, किमतींची, लांबीची आणि स्वरूपाची. किंमत मजकुराच्या स्वरूपात पाठवली आणि टाइप पूर्णांकाचा असला, तर ७/१२ पाठवताच सर्व्हर स्पष्ट नकार देतो. हे चांगलं आहे, चूक दारातच अडते. पण किंमत बायनरी स्वरूपात पाठवली तर बाइटचा क्रम नेटवर्कचा हवा, म्हणजे मोठा बाइट आधी. आपल्या नेहमीच्या इंटेल यंत्रात तो उलटा असतो. उलटवायचं विसरलात तर १ हा आकडा तिकडे १,६७,७७,२१६ होऊन पोचतो. टाइप बरोबर, लांबी बरोबर, कोणी हरकत घेत नाही, आणि एका रुपयाचे पावणेदोन कोटींच्या आसपास होतात.

दुसरा मायएसक्यूएल. इथे प्रत्येक पॅरामीटरसाठी एक स्ट्रक्चर भरायचं. त्यात एका खणात टाइपचं नाव आणि दुसऱ्या खणात किमतीचा पत्ता. पत्ता कोणत्याही जातीचा चालतो, कारण तो व्हॉइड पॉइंटर आहे. म्हणजे डब्यावर लेबल साखरेचं आणि आत मीठ, तरी कंपायलर गप्प. त्यात नावांची गंमत पाहा. त्यांचा 'लाँग' नावाचा टाइप चार बाइटचा आहे, आणि चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर सी भाषेतला लाँग आठ बाइटचा. नाव सारखं, माप वेगळं. उलट आठ बाइटचा टाइप सांगून चार बाइटच्या चलाचा पत्ता दिला, तर लायब्ररी शेजारचे चार बाइट उचलून नेते. शेजारी काय होतं हे देवच जाणे. आमच्या मते तिघांत ही रचना सगळ्यात कच्ची, कारण इथे टाइप ही फक्त एक घोषणा आहे आणि ती वस्तूशी जुळते का हे कोणीच पाहत नाही.

तिसरा एसक्यूलाइट, रिचर्ड हिप यांचा, २००० सालापासूनचा. इथे प्रत्येक जातीला वेगळं फंक्शन: पूर्णांकाचं बाइंड वेगळं, दशांशाचं वेगळं, मजकुराचं वेगळं, काहीच नसल्याचं वेगळं. टाइप फंक्शनच्या नावात आला, म्हणून पूर्णांकाच्या जागी मजकुराचा पत्ता दिला तर कंपायलर ओरडतो. मांडणी आम्हाला सर्वांत आवडली. तरी भोकं आहेत. पूर्णांकाच्या बाइंडला १२५०.५० दिले तर सी भाषा गुपचूप पन्नास पैसे गाळते आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये सूचनाही देत नाही. पैसे पूर्णांकात, पैशांच्या एककात ठेवावेत, हे आम्ही असं शिकलो.

शिवाय डेटाबेसचं स्वतःचं मत असतं. आपल्या भागातला दूरध्वनीचा कोड ०२२. आम्ही तो इमानदारीत मजकूर म्हणून बाइंड केला, पण रकाना पूर्णांकाचा होता. एसक्यूलाइटने आकड्यासारखं दिसतंय म्हणून त्याचा २२ केला. उलट त्याच रकान्यात ७/१२ पाठवलं तर आकडा होत नाही म्हणून मजकूर तसाच ठेवून घेतो, तक्रार करत नाही. २०२१ मध्ये 'स्ट्रिक्ट' तक्ते आले, ते अशा वेळी नकार देतात. पण तक्ता बनवताना आपण तसं मागितलं तरच. म्हणजे टाइप एका बाजूने सांगून भागत नाही. पाठवणारा आणि ठेवणारा, दोघांचं एकमत लागतं.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट. मजकूर बाइंड करताना लांबी सांगावी लागते, आणि ती बाइटमध्ये. 'भाईंदर' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत: भ, काना, ई, अनुस्वार, द, र. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, एकूण अठरा. कोणी भोळेपणाने लांबी चार सांगितली, तर 'भ' पूर्ण जातो आणि कान्याचा एक तृतीयांश तुकडा मागे लोंबतो. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट असल्यामुळे हीच चूक तिथे वर्षानुवर्षं झाकलेली राहते. ज्यांची लिपी वेगळी, त्यांच्याच नावाला ती दिसते. लांबीच्या जागी उणे एक दिलं तर लायब्ररी शेवट स्वतः शोधते. तेच करावं.

आता ते बिल. आमच्या वाक्यात चार प्रश्नचिन्हं होती: घर, महिना, रक्कम, थकबाकी. एकदा प्रिपेअर केलं, आणि प्रत्येक घरासाठी किमती बाइंड करायच्या, चालवायचं, मग रिसेट करायचं. थकबाकी असेल तरच आम्ही चौथी किंमत बाइंड करत होतो. नसेल तर जागा रिकामी राहील आणि रिकाम्या जागेचा अर्थ 'काही नाही' असा होईल, अशी आमची समजूत. पहिल्यांदा ते खरंही असतं. एसक्यूलाइटमध्ये न भरलेलं प्रश्नचिन्ह नल मानलं जातं. पण रिसेट वाक्य पुन्हा सुरुवातीला आणतं, जुन्या किमती पुसत नाही. त्यासाठी क्लिअर बाइंडिंग्ज हे वेगळं फंक्शन आहे. थकबाकी असलेल्या घराची रक्कम चौथ्या जागेत बसून राहिली, आणि पुढच्या चार घरांनी तिथे काहीच न बसवल्यामुळे तीच त्यांच्या नावावर गेली. वाक्य निर्दोष, टाइप निर्दोष, चुकीचा संदेश एकही नाही.

रचनाकारांच्या बाजूने बोलायला हवं. हे त्यांनी लपवलेलं नाही. पुष्कळांच्या अपेक्षेविरुद्ध असं होतं, हे दस्तऐवजात स्पष्ट सांगितलेलं आहे. कारणही आहे. महिना सगळ्या घरांना एकच असेल तर तो एकदाच बाइंड करून हजार वेळा वापरता येतो, वेळ वाचतो. पोस्टग्रेसमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे दर वेळी सगळ्या किमती नव्याने द्याव्या लागतात. मायएसक्यूएलमध्ये दिलेला पत्ता चालवण्याच्या क्षणी वाचला जातो, म्हणून तिथे जुनी किंमत तुमच्या स्वतःच्या चलात शिल्लक राहू शकते. तिन्हींमध्ये पोस्टग्रेसची ही एक सवय आम्हाला सर्वांत न्याय्य वाटते: प्रत्येक माणसाचा हिशेब कोऱ्या पाटीवर.

आमचा आक्षेप एवढाच आहे. प्रोग्रामरवर विश्वास ठेवा, हे तत्त्व ऐकायला उदार वाटतं. पण विश्वास ठेवला जातो एकावर आणि चुकलं तर भोगतो तिसराच. आम्ही चुकलो, पैसे त्या बाईंनी भरले. व्यवहारात जामीनदार सही करतो तेव्हा निदान त्याला ठाऊक असतं की आपण जामीन आहोत. इथे ज्यांच्या नावाची किंमत बाइंड होते त्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून विसरल्यावर काय व्हावं, हा रचनेतला तांत्रिक तपशील नव्हे, तो नीतीचा प्रश्न आहे. विसरलेली जागा ओरडावी, निदान कोरी राहावी. दुसऱ्याचं ओझं घेऊन गप्प बसू नये.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा की नका, हा प्रश्न आमच्या दृष्टीने मिटलेला आहे. वापराच. फक्त त्याने सगळं सुरक्षित झालं असं समजू नका. ते बाहेरच्या माणसाला हुकूम देऊ देत नाही. पण आत बसलेला माणूस विसरला, तर त्याच्यापासून तुम्हाला वाचवत नाही.

आम्ही प्रोग्राममध्ये आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. रिसेटनंतर दर वेळी क्लिअर बाइंडिंग्ज, आणि थकबाकी नसेल तेव्हाही नल स्पष्टपणे बाइंड करायचा. 'काही नाही' हेसुद्धा बोलून दाखवायचं. त्या बाईंचे पैसे पुढच्या बिलात वळते केले आणि समितीच्या सभेत चूक आमची होती हे सांगितलं. पहिल्या संध्याकाळी तीन बिलं हाताने दुरुस्त करण्याऐवजी चौथं दार आम्ही स्वतः ठोठवायला हवं होतं, हेही सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी बिल द्यायला तुम्हीच वर या. एकदा वाचून दाखवा."

तेव्हापासून दर महिन्याला शेवटच्या चार घरांची बिलं घेऊन आम्ही स्वतः जिने चढतो. आता प्रश्न असतील तर विचारा.